मागचं घर आमचं होतं

दूध चुकीच्या घरात उतू गेलं, आणि गॅस मीच पेटवला होता. त्यामुळे दोष कुणाचा यावर आमच्याकडे कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

आमचं घर जुळं आहे. टेमघरला, एकाच जोत्यावर दोन घरं, मध्ये एक भिंत. एकाचं दार पुढे रस्त्यावर उघडतं, दुसऱ्याचं मागे अंगणात. दोन्हींत दोन-दोन खोल्या, वेगळी मोरी, वेगळा मीटर. पुढच्या घरातून मागच्यात जायला आतून वाट नाही, बाजूच्या बोळातून वळसा घालून जायचं. एकात राहायचं, दुसरं भाड्याने द्यायचं आणि भाड्यातून बँकेचा हप्ता भागवायचा, ही कल्पना माझी. माझ्या नवऱ्याला, शैलेशला, बिल्डिंगमधला फ्लॅट हवा होता. तो राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. दिवसभर ड्रायव्हर आणि हमालांशी हुज्जत घालून आल्यावर घरी पुन्हा भाडेकरूशी कोण बोलणार, असं त्याचं म्हणणं. मी बी.कॉम. आहे, रोशनी व्हायच्या आधी दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात होते. मी त्याला सगळं कागदावर मांडून दाखवलं आणि तो हो म्हणाला. शैलेश समोरच्याला पटकन हो म्हणतो. समोर मी होते तोवर मला ते आवडायचं.

कोणतं घर कुणाचं, याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नव्हती. पुढचं भाड्याने द्यायचं. रस्त्यावरच्या दाराला मागणी असते. कुणी शिलाईचं दुकान टाकतं, कुणी मोबाईल दुरुस्तीचं, आणि भाडंही चांगलं मिळतं. मागचं आमचं. मागे दोन खाटा मावतील एवढं अंगण आहे, भोवती माझ्या खांद्याला लागेल एवढी भिंत आणि बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक. घर बघायला गेलो तेव्हा शैलेश नळाला पाणी किती जोरात येतं ते बघत होता आणि सासूबाई उगवत कुठे ते बघत होत्या. मी फाटकाची कडी लावून बघितली. मग रोशनीला खाली सोडलं. ती तेव्हा दीड वर्षाची होती. इतर मुलं चालायला शिकतात, ती थेट पळायलाच शिकली होती. ती अंगणभर पळाली, भिंतीला थडकली, परत फिरली, पुन्हा पळाली. दहा मिनिटं मी तिचा हात धरला नाही. त्या दहा मिनिटांत मी ते घर घेतलं.

गृहप्रवेशाच्या दिवशी एजंट दिनेश एकच किल्ली घेऊन आला, पुढच्या घराची. मागच्यात आधीच्या मालकाचे सुताच्या कोनांचे खोके पडून होते, दोन दिवसांत उचलतो म्हणाला होता. मुहूर्त नऊ चाळीसचा. पडघ्याच्या पलीकडून, गावाहून, दोन जीपा भरून माणसं आलेली. भटजी घड्याळ बघायला लागले. मी शैलेशला बाजूला घेऊन म्हटलं की दोन दिवस थांबू. त्याने आईकडे बघितलं. सासूबाईंनी ऐकलं होतंच.

“घर एकच हाय ना?” त्या म्हणाल्या. “मधी भिंत हाय तेवढीच.”

सगळे हसले. मलाही ते पटलं, हे इथे लिहायला हवं. कागदोपत्री घर एकच होतं, सातबाराही एकच. मी शेगडी मांडली, नवं पातेलं ठेवलं, माझ्या हाताने काडी ओढली. दूध वर आलं, पूर्वेच्या बाजूने उतू गेलं, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरे गेल्यापासून त्या घरात हसतमुख फार कमी असतात. त्या दिवशी होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि देव तिथेच कोनाड्यात बसवले.

मागचं रिकामं झाल्यावर मी सामान तिकडे न्यायची भाषा काढली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रोशनीला कुणाला देऊन टाकायला निघाले आहे. जिथं लक्ष्मीचं पातेलं भरून वाहिलं तिथं परकी बाई चूल पेटवणार? आणि आपण मागे, जिथं काहीच झालं नाही तिथं राहायचं? मी म्हटलं, मागेही दूध ठेवू, त्यात काय. त्या म्हणाल्या, “लगीन दोनदा लावतो का आपण? एकदा लागलं तिथं लागलं.”

शैलेश म्हणाला, थोडे दिवस जाऊ दे. आम्ही पुढच्या घरात राहायला गेलो. त्याला आता सव्वा वर्ष होईल.

पुढच्या घराच्या दारातून रस्ता तीन पावलांवर आहे. मोजून तीन, रोशनीची पाच. समोर लूमचे, यंत्रमागांचे गाळे. कापडाचे तागे भरलेले टेंपो गाळ्याला लागताना रिव्हर्स घेत थेट आमच्या पायरीपर्यंत येतात, आणि ड्रायव्हरला मागे अडीच फूट उंचीचं काही दिसत नाही. मी पहिल्या आठवड्यात सुताराकडून गुडघाभर उंचीची फळी करून घेतली, दाराच्या चौकटीत बसणारी. ती दिवसभर असायची. पण दिवेलागणीला सासूबाई ती काढून ठेवायच्या आणि दार सताड उघडायच्या. तिन्हीसांजेला दार बंद ठेवायचं नसतं हे मलाही माहीत आहे, माझ्या आईकडेही तेच. पण माझ्या आईचं दार अंगणात उघडतं. इथे नेमकी तीच वेळ लूमची शिफ्ट बदलायची. आतली माणसं बाहेर, बाहेरची आत, बाईका, रिक्षा, टेंपो. फळी तेवढी राहू द्या म्हटलं तर त्या म्हणाल्या, “लक्ष्मीनं काय उडी मारून यायचं?”

आणि मी तेव्हा भाकऱ्या थापत असायचे. एक भाकरी तव्यावर, एक परातीत, आणि कान दाराकडे. सासूबाई उंबऱ्याशी बसून रोशनीला मांडीवर घ्यायच्या, त्यांचा जीव आहे तिच्यावर, त्यात खोट नाही. पण त्यांचे गुडघे दुखतात. पोरगी मांडीवरून निसटली की त्यांना उठायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती पाच पावलं झालेली असतात. मी दर दोन मिनिटांनी हाक मारायचे. आई, रोशनी आहे ना? आहे गो, आहे. आई, रोशनी? एकदा त्या वैतागून म्हणाल्या, “तुला काय वाटतं, मी इकली तिला?”

मागच्या घराला भाडेकरू मिळेना. चार-पाच जण येऊन गेले. एक शिक्षक गाडी कुठे लावू म्हणून विचारून गेले. लूमवरची सहा मुलं आली होती, त्यांना सासूबाईंनी नको म्हटलं. एक बाई आली, मागचं बघितलंच नाही, पुढच्या खोलीत उभी राहून म्हणाली, “भाभी, ये रास्तेवाला दो ना, मैं मशीन लगाऊँगी.” तिने सांगितलेलं भाडं ऐकून मी शैलेशकडे बघितलं. त्याने मोबाईल बघितला.

मग कमळी आली. ती आणि तिचा नवरा जान्या डोंगराकडच्या पाड्यावरचे, तिकडे पावसापुरती भातशेती, बाकीचं वर्षभर मजुरी. जान्याला शैलेशच्याच गोदामात माल चढवा-उतरवायचं कायम काम लागलं होतं. त्यांची मुलगी रूपा, रोशनीहून सहा महिन्यांनी मोठी. जान्या शैलेशशी भाड्याचं बोलत होता तेव्हा कमळी मागे गेली. मी तिच्यामागून गेले. तिने खोल्या बघितल्या नाहीत. फाटकाची कडी लावली, हलवून बघितली, आणि रूपाला खाली सोडलं.

मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, पाणी सकाळी सहाला येतं.

अकरा महिन्यांचा करार झाला. सासूबाई आधी जरा दूर होत्या, पण पडघ्याच्या बाजारात कमळीच्या आईकडून आपण रानभाजी घ्यायचो हे त्यांना आठवलं आणि मग काही विचारू नका. दुपारी जेवण झालं की त्या काठी घेऊन बोळातून मागे जायच्या. कमळीने भिंतीवर घेवड्याचा वेल चढवला, एक बाज टाकली. सासूबाई त्या बाजेवर आडव्या व्हायच्या आणि संध्याकाळी मला सांगायच्या, मागं काय हवा लागते गो. माझ्या अंगणातली हवा मला कळवली जात होती.

रोशनीला मी तिथे रोज पाठवू शकत नव्हते. कमळी कधी नाही म्हणाली नाही, पण ते तिचं घर. सकाळी ती कपडे धुते, दुपारी जान्या रात्रपाळी करून झोपलेला असतो. आपल्याच घराच्या फाटकाशी उभं राहून “येऊ का गं जरा?” म्हणायचं. मी मालकीण, आणि विचारताना माझा आवाज बारीक व्हायचा.

गेल्या मंगळवारी दिवेलागणीला मी तव्यावर भाकरी उलटत होते. हाक मारली, उत्तर आलं नाही. दुसरी हाक मारायच्या आधी बाहेर ब्रेकचा आवाज झाला. मी धावले तेव्हा रोशनी रस्त्याच्या मधोमध उभी होती, पाठमोरी, समोरच्या गाळ्याच्या भिंतीवरचं मांजर बघत. तिच्या मागे टेंपो. तिचं डोकं त्याच्या नंबरप्लेटच्या खाली येत होतं. एका लूमवाल्याने पाठीमागच्या पत्र्यावर दोन्ही हात आपटून गाडी थांबवली होती. ड्रायव्हर खाली उतरला, पांढराफटक. मला वाटलं ओरडेल. तो हळू आवाजात म्हणाला, “संभालो दीदी. मेरे भी बच्चे हैं.”

मी तिला उचलून आत आणलं. तिला काहीच झालं नव्हतं, मांजर राहिलं म्हणून ती रडत होती. सासूबाई उंबऱ्याला धरून उभ्या होत्या. त्या रात्री त्यांनी रोशनीची तीनदा दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दार पुन्हा उघडलं.

शैलेशला मी फोन करून सांगितलं होतं, घरी आल्यावर पुन्हा सांगितलं. त्याने रोशनीला बराच वेळ छातीशी धरून ठेवलं. मग म्हणाला, आईशी बोलतो. थोडे दिवस जाऊ दे.

शनिवारी सासूबाई भाच्याच्या हळदीला गावी गेल्या, दोन रात्रींसाठी. मला तेवढेच दोन दिवस होते. मी मनाशी ठरवलं होतं की त्या परत येईपर्यंत सामानाची अदलाबदल करून टाकायची. झालेलं त्या मान्य करतील, रडतील, गावी जाऊन राहीन म्हणतील, पण मान्य करतील. फक्त कमळीने हो म्हणायला हवं. भाडं कमी करायची माझी तयारी होती.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. अंगणात रूपा आणि रोशनी एका बादलीत पाय घालून उभ्या होत्या. मी तिला सांगितलं की पुढचं घर मोठं वाटतं, उजेड जास्त आहे, रस्त्यावरचं आहे, तू घरी बसून काही विकू शकतेस, आणि भाडं यापेक्षा कमी घेऊ. मी चांगलं बोलले. सीएच्या ऑफिसात क्लायंटना समजवायचे तसं.

कमळी ऐकत होती. तिने एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“वहिनी,” ती म्हणाली, “पडघ्याला आम्ही हायवेच्या कडेला रायचो. दारात ट्रक. हिला मी कमरेला दोरी बांधून ठेवायचे, दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेला. भांडी घासायला बसले का ही खेचायची. वळ उठलेत बघा अजून.” तिने रूपाकडे बोट केलं, स्वतःकडे नाही. “सहा घरं बघितली. मंग हे भेटलं.”

मी म्हटलं, पुढे फळी आहे.

“मंगळवारी फळी कुठं व्हती?”

“तुम्ही मालकीण हाव,” ती म्हणाली. “खाली करा म्हनलं तं करू, जान्या दुसरं बघंल. पन पुढं न्हाय रायाची मी. तुमच्या पोरीची जागा माझ्या पोरीला द्यायची ती कशाला?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र तिचा राग आला. मी रोशनीला बादलीतून काढलं, तिचे पाय पुसले नाहीत, तशीच काखेत मारून बोळातून निघाले. करार महिनाअखेर संपतोय. नवा करायचा नाही एवढंच करायचं होतं. नोटीसही द्यायची गरज नव्हती, एक फोन. मी घरात येऊन मोबाईल हातात घेतला, दिनेशचं नाव काढलं, आणि बसून राहिले.

ती निघून गेली असती, हे मला दिसत होतं. दोन महिन्यांत पुन्हा कुठे तरी, दारात ट्रक. पण मला थांबवलं ते एवढ्यानेच नाही, मी इतकी चांगली नाही. ती गेली असती तरी मागचं मला मिळालं नसतं. सासूबाई तशाच कोनाड्याखाली बसल्या असत्या, शैलेशने थोडे दिवस जाऊ दिले असते, आणि मागे तिसराच कुणी आला असता. मी दोन दिवस चोरून सामान हलवायला निघाले होते, कारण ज्यांना नाही म्हणायचं त्यांच्या तोंडावर मला म्हणता येत नव्हतं. भाडेकरू बाईला मात्र मी विचारायला गेले. तिने तांदूळ निवडता निवडता मला नाही म्हणून दाखवलं.

मी दिनेशला फोन केला नाही.

सोमवारी संध्याकाळी सासूबाई आल्या, हातापायांना अजून हळद, पिशवीत हळदीचं जेवण बांधून आणलेलं. खूश होत्या. कोण कोण आलं होतं, कुणी नाचताना धोतर सोडलं, सगळं सांगत होत्या. मी ऐकत होते. रस्त्यावर शिफ्ट सुटायची गडबड सुरू झाली तशी मी उठले, देवापुढे दिवा लावला आणि दार लोटून वरची कडी घातली. तिथे त्यांचा हात पुरत नाही.

बोलता बोलता त्या थांबल्या.

“दार का लावलंस?”

“आता लावलेलंच राहील, आई. सहा ते नऊ, रोज.”

“दिवेलागण झाली.”

“झाली. दिवा लावलाय.”

“लक्ष्मी दारात येऊन माघारी गेली तं?”

“मागच्या दारात जाईल.”

“मागं कमळी रायते.”

“मग कमळीकडे जाऊ दे. भाडं तरी तिथूनच येतं.”

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. बोलून झाल्यावर मला वाटलं आता त्या उठतील, काठी आपटतील. त्या उठल्या नाहीत. मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, शिकलेली सून केली, भोगा आता. सतरंजी ओढून कोनाड्याखाली पाठ करून बसल्या. पिशवीतलं जेवण मी ताटात वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते रोशनीपुढे सरकवलं.

साडेआठला शैलेशने दार ढकललं, मग ठोठावलं, मग फोन केला की घरी नाही का कुणी. मी कडी काढली, त्याला आत घेतलं आणि पुन्हा लावली. त्याने आईची पाठ बघितली.

“काय झालं?”

“तुझ्या बायकोला इचार,” सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या.

त्याने मला विचारलं. मी सांगितलं की ज्याला दार उघडं हवं असेल त्याने तेवढा सगळा वेळ रोशनीला कडेवर घेऊन उभं राहायचं. खाली बसायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. तू लवकर ये आणि उभा राहा, मी दार उघडते. तो काही बोलायला गेला. मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ दे म्हणू नकोस.

तो बूट काढत बसला. मग त्याने विचारलं की मागच्या घराचं काय करायचं, करार संपतोय.

“कमळीला राहायचं असेल तर नवा करायचा,” मी म्हटलं. “तेवढ्याच भाड्यात.”

हे मी चांगुलपणाने म्हटलं नाही. ते अंगण गेलं होतं. ती भिंत, ते फाटक, घेवड्याचा वेल, सगळं. हप्ता आम्ही भरणार आणि पळायला जागा दुसरीच्या पोरीला.

दार बंद असल्यामुळे खोलीत वारा नव्हता. पंखा पाचवर लावला तरी गरम हवाच फिरत होती, आणि समोरच्या गाळ्यातल्या लूमचा आवाज बंद दारातूनही तसाच येत होता. रोशनी दाराशी गेली. दोन्ही हातांनी दारावर थापटत बाहेर जायचं म्हणून रडायला लागली. सासूबाईंनी मान वळवून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. शैलेश अर्धवट उठला.

“बस,” मी म्हटलं. “रडू दे.”